गुरुत्वाकर्षणाचा नियम व विश्वाची उत्पत्ति

कोन गांवच्या मुलांस भरती-ओहोटी म्हणजे काय, हें पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. कल्याणच्या दुर्गाडीकडून पूल ओलांडून आपल्या गांवीं येतांना खालीं पाहिलें, तर कधीं खाडीचें पाणी समुद्राच्या दिशेनें ओसरत असतें, तर कधीं तेंच पाणी उलट फिरून वर चढत असतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो. भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. म्हणूनच खाडीवर पोट असलेले जाणते लोक घड्याळाआधीं पंचांग पाहत व तिथीवरून भरतीची वेळ सांगत. हें गणित तिथीवरून कां जुळावें? कारण तिथि चंद्राच्या गतीवरून मोजली जाते, आणि खाडीचें पाणी ओढणाराही मुख्यतः चंद्रच आहे. सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर असलेला चंद्र आपल्या खाडींतली होडी दिवसांतून दोन वेळां उचलतो व दोन वेळां खालीं ठेवतो.

ज्या नियमानें हें घडतें, त्याची धांव कोठवर आहे? चंद्रापर्यंत? सूर्यापर्यंत? कीं सर्व ताऱ्यांपर्यंत? आणि तोच नियम हातीं धरून काळाच्या पायऱ्या मागें मागें उतरत गेल्यास विश्वाच्या आरंभाविषयीं कांहीं सांगतां येईल काय? ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एक चुकलेलें उत्तर

ह्या विषयाकडे आम्ही वळलों, त्याचें कारण एक विद्यार्थी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत गुरुत्वाकर्षणाचा धडा चालला होता. प्रत्येक वस्तु प्रत्येक दुसऱ्या वस्तूस आपल्याकडे ओढते, हा नियम आम्ही फळ्यावर लिहिला. तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, सगळेच तारे एकमेकांना ओढत असतील, तर आजवर ते एकमेकांवर पडून त्यांचा एक गोळा कां झाला नाहीं?" आम्ही तत्काळ उत्तर दिलें, "ते फार दूर आहेत म्हणून." मुलगा खालीं बसला. तास संपला.

परंतु तें उत्तर चुकीचें होतें. अंतर वाढल्यानें ओढ कमी होते, शून्य होत नाहीं. आणि थोडीशी ओढसुद्धां पुरेसा काळ मिळाल्यास तारे एकत्र आणल्यावांचून राहणार नाहीं. घरीं गेल्यावर पुस्तकें उघडलीं, तेव्हां आढळून आलें कीं, हाच प्रश्न १६९२ सालीं रिचर्ड बेंटली ह्या विद्वान् पाद्र्यानें प्रत्यक्ष न्यूटनला पत्रानें विचारला होता, व त्यानें न्यूटनलाही पेंचांत टाकलें होतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गांत आपली चूक कबूल केली. पण पूर्ण उत्तर देण्यास तेव्हां वेळही नव्हता व आमची तयारीही नव्हती. तो मुलगा आतां ह्या शाळेंत नाहीं. हा लेख त्याला उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें समजावें.

न्यूटनची झेप

न्यूटनचें मोठेपण झाडावरून फळ पडतांना पाहण्यांत नाहीं. फळें पडतांना सर्वांनींच पाहिलीं आहेत. त्याचें मोठेपण हें कीं, फळाला लागू असलेला नियम त्यानें चंद्राला लावून पाहिला, व तो खरा ठरतो कीं नाहीं हें मोजून पाहिलें. पृथ्वीच्या पृष्ठभागावर सोडलेली वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर खालीं येते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत ओढ कमी होत असेल, तर चंद्रावरील ओढ ६० गुणिलें ६०, म्हणजे ३,६०० पटीनें कमी असली पाहिजे. आणि चंद्र एका सेकंदांत सरळ रेषेपासून पृथ्वीकडे सुमारें १.४ मिलीमीटर ढळला पाहिजे. चंद्राच्या प्रदक्षिणेच्या काळावरून हिशेब केला असतां तेवढेंच उत्तर येतें. १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूटनच्या ग्रंथानें हा नियम ग्रह, उपग्रह, धूमकेतु व भरती-ओहोटी ह्या सर्वांस लावून दाखविला.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनांत पक्की धरावी. जवळ सिद्ध झालेला नियम दूर लावणें हें धाडस आहे. परंतु तें अंध धाडस नव्हे. नियम लांबवितांना त्यांतून एक निश्चित आंकडा निघाला पाहिजे, आणि तो आंकडा खोटा पाडण्याची मोकळीक आकाशाला असली पाहिजे. १.४ मिलीमीटर हा असा आंकडा होता. तो जुळला नसता, तर न्यूटनचा नियम फळापुरताच राहिला असता.

आतां बेंटलीचा प्रश्न. न्यूटननें उत्तर दिलें कीं, विश्व अनंत असेल व तारे सर्वत्र सारखे पसरलेले असतील, तर प्रत्येक ताऱ्यावर चोहोंकडून सारखीच ओढ पडून समतोल राहील. पण हा समतोल किती नाजूक आहे, हेंही त्यानेंच मान्य केलें: असंख्य सुया त्यांच्या टोकांवर उभ्या करून ठेवण्यासारखा तो प्रकार होता. एक सुई कलली कीं सारा डाव मोडला. नियम सूर्यमालेंत पूर्ण यशस्वी झाला, परंतु सर्व विश्वाला लावतांच अडखळला. हें अडखळणें पुढें २०० वर्षांहून अधिक काळ तसेंच राहिलें.

आइन्स्टाइनचें विश्व

१९१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत आल्बर्ट आइन्स्टाइन ह्यानें गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याच्या मतें जड वस्तूमुळें भोंवतालचें अवकाश व काळ वक्र होतात, आणि त्या वक्रतेंतून चालणाऱ्या वस्तूचा मार्ग आपल्याला ओढीचा परिणाम म्हणून दिसतो. बुध ग्रहाच्या कक्षेचें टोंक शतकांत ४३ विकलांनीं अधिक सरकतें, ही न्यूटनच्या नियमानें न सुटलेली गोष्ट ह्या सिद्धान्तानें सुटली. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वांकेल, हा आंकडाही त्यानें आधींच सांगितला होता. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं घेतलेल्या छायाचित्रांनीं त्यास दुजोरा दिला.

१९१७ सालीं आइन्स्टाइननें आपलीं समीकरणें सर्व विश्वाला लावलीं. तेव्हां त्यालाही बेंटलीचाच प्रश्न आडवा आला: समीकरणें सांगूं लागलीं कीं, विश्व स्थिर राहूं शकत नाहीं. विश्व स्थिर आहे, अशी त्या काळीं सर्वांची समजूत होती. म्हणून त्यानें समीकरणांत एक जादा पद घातलें, ज्याला पुढें विश्वस्थिरांक असें नांव मिळालें. ह्या पदाच्या टेंक्यानें विश्व उभें राहिलें खरें. परंतु तेंही टोंकावर उभ्या केलेल्या सुईसारखेंच होतें, हें एडिंग्टन ह्यानें १९३० सालीं दाखवून दिलें. आपल्या समीकरणांवर विश्वास ठेवण्याऐवजीं आइन्स्टाइननें प्रचलित समजुतीवर विश्वास ठेवला. थोरांच्या चुकाही शिकण्यासारख्या असतात.

समीकरणांचें म्हणणें ज्यांनीं मुकाट्यानें ऐकलें, असे दोघे निघाले. रशियांतील गणिती अलेक्झांडर फ्रीडमन ह्यानें १९२२ सालीं, व बेल्जममधील धर्मगुरु आणि गणिती जॉर्ज लमेत्र ह्यानें १९२७ सालीं, विश्व प्रसरण पावत असलें पाहिजे किंवा निदान पावूं शकतें, असें गणितानें दाखविलें. १९२९ सालीं एडविन हबल ह्यानें दुर्बिणीच्या साह्यानें दीर्घिकांचीं अंतरें व वेग मांडून सिद्ध केलें कीं, जी दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगानें दूर जाते.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

हें वाक्य ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, मग आपण विश्वाच्या मध्यभागीं आहों काय? त्यासाठीं पुढील प्रयोग करावा. शिंप्याकडून इलास्टिकची एक पट्टी आणावी. तिच्यावर शाईनें एकेक इंचावर सहा खुणा कराव्या व त्यांना क्रमांक द्यावे. दोघांनीं दोन टोंकें धरून पट्टी दुप्पट होईपर्यंत ताणावी. पहिल्या खुणेवर आपण बसलों आहों अशी कल्पना केल्यास, दुसरी खूण एक इंच दूर गेलेली दिसेल, तिसरी दोन इंच, चौथी तीन इंच. जितकी दूर, तितकी अधिक धांव! आतां तिसऱ्या खुणेवर बसल्याची कल्पना करून पुन्हां मोजावें. तेथूनही तसेंच दिसेल. मध्यबिंदु कोणीच नाहीं. पट्टीच ताणली जात आहे.

ह्याच प्रयोगानें मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. दीर्घिका एकमेकींवर कां पडत नाहींत? कारण अवकाशच प्रसरण पावत आहे. आकाशांत उडविलेला चेंडू हवेंत तरंगत स्थिर राहूं शकत नाहीं. तो वर तरी जात असतो किंवा खालीं तरी येत असतो. विश्वाचेंही तसेंच आहे. बेंटली, न्यूटन व आइन्स्टाइन हे तिघेही चेंडू हवेंत स्थिर आहे असें धरून चालले होते. अंतराचा येथें संबंध नव्हता, गतीचा होता.

आतां पट्टी सैल सोडा. सर्व खुणा एकमेकींजवळ येतात. दीर्घिकांचा चित्रपट उलटा फिरविल्यास त्याही जवळ येत जातील. आजच्या मापनाप्रमाणें सुमारें ३२.६ लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेली दीर्घिका सेकंदास सुमारें ७० किलोमीटर वेगानें दूर जाते. दुप्पट अंतरावरची दुप्पट वेगानें. अंतरास वेगानें भागलें कीं प्रत्येकीसाठीं उत्तर एकच येतें: सुमारें १,४०० कोटी वर्षें. म्हणजे तितक्या काळापूर्वीं सर्व कांहीं एकत्र होतें. लमेत्र ह्यानें १९३१ सालीं ह्याला आद्य अणूची कल्पना म्हटलें. आज ज्याला महास्फोट म्हणतात, तो सिद्धान्त येथून सुरू झाला.

काशींतील महाराष्ट्रीय अध्यापक

हें सर्व परदेशांत घडत असतां आपल्याकडे काय चाललें होतें? कोल्हापूर येथें १९०८ सालीं जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजला गणित शिकले, व १९३२ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे अध्यापक झाले. सापेक्षतेचा सिद्धान्त हिंदुस्थानांत शिकविणारे व त्यावर शिष्यांकडून संशोधन करवून घेणारे जे थोडे आचार्य त्या काळीं होते, त्यांत त्यांची गणना होते. गुजरातचे प्र. चु. वैद्य हे त्यांच्याकडेच काशीस राहिले, व प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोंवतीं गुरुत्वाकर्षण कसें असेल, ह्याचें जें उत्तर वैद्यांनीं १९४३ सालीं मांडलें, तें आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरासच झाला व शिक्षण काशीस झालें. पुढें तेही केंब्रिजला गेले, आणि तेथें फ्रेड हॉईल ह्या नामांकित ज्योतिःशास्त्रज्ञाचे शिष्य झाले.

हॉईल यांना विश्वाचा आरंभ मान्य नव्हता. आज आपल्याला हें विचित्र वाटेल. पण तेव्हांची अडचण खरी होती. हबलनें काढलेल्या आंकड्यावरून विश्वाचें वय सुमारें २०० कोटी वर्षें येत होतें, आणि पृथ्वीवरील खडक त्याहून जुने निघत होते. लेंकरूं आईहून वडील असावें, तसा हा प्रकार! पुढें १९५२ नंतर अंतरें नव्यानें मोजलीं गेलीं व ही अडचण दूर झाली. परंतु १९४८ सालीं ती उभी होती. म्हणून त्या सालीं बाँडी, गोल्ड व हॉईल यांनीं स्थिरस्थिति-सिद्धान्त मांडला. त्याचा आशय शाळेच्या दृष्टान्तानें समजेल. दरवर्षीं वरच्या वर्गांतील मुलें शाळा सोडून जातात, खालच्या वर्गांत नवीं मुलें येतात. चेहरे बदलतात, पण शाळेचें रूप तेंच राहतें. तसें विश्व प्रसरण पावतें, दीर्घिका दूर जातात, आणि मधल्या जागेंत नवें द्रव्य निर्माण होऊन नव्या दीर्घिका घडतात. त्यासाठीं एका घनमीटर जागेंत १०० कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणु निर्माण झाला तरी पुरे. अशा विश्वास आदि नाहीं, अंत नाहीं.

परंतु द्रव्य निर्माण होतें म्हणणें सोपें. तें गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत बसविणें कठीण. हें काम हॉईल व जयंतराव नारळीकर यांनीं हातीं घेतलें. १९६४ सालीं त्या दोघांनीं गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्तच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. त्यांतील मध्यवर्ती कल्पना अशी कीं, कोणत्याही वस्तूचें वस्तुमान हा केवळ तिचा स्वतःचा गुण नाहीं. विश्वांतील इतर सर्व द्रव्याच्या प्रभावानें तें ठरतें. ह्या खाडींतील एक खडा हलविण्यास जो जोर लागतो, त्यांत अतिदूरच्या दीर्घिकांचाही वांटा आहे! विश्वांत द्रव्याचे कण पुष्कळ असतील, तर ह्या सिद्धान्तांतून आइन्स्टाइनचीं समीकरणेंच बाहेर पडतात. जयंतराव त्या वेळीं अवघे २५-२६ वर्षांचे होते. वर्तमानपत्रांनीं त्यांचें नांव घरोघर नेलें, व १९६५ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण हा किताब दिला.

आकाशाची साक्ष

आतां कसोटीची वेळ आली. मतें कितीही सुंदर असोत, निकाल आकाश देतें.

पहिली साक्ष रेडिओ-लहरींनीं दिली. दूरच्या वस्तूंचा प्रकाश आपणांस पोहोंचण्यास काळ लागतो. म्हणून दूर पाहणें म्हणजे भूतकाळ पाहणें होय. शाळेचें रूप सदैव तेंच असेल, तर जुन्या वार्षिकांतील छायाचित्रांतही तीच शाळा दिसली पाहिजे. केंब्रिजमधील मार्टिन राईल यांनीं रेडिओ-लहरी पाठविणाऱ्या आकाशस्थ वस्तूंची मोजदाद केली. जुन्या काळीं त्यांचें प्रमाण निराळें होतें, असें त्यांचें १९६१ सालचें अनुमान होतें. हॉईल व नारळीकर यांनीं त्यास प्रत्युत्तर दिलें, व वाद चालू राहिला.

दुसरी साक्ष अधिक जड होती. चूल विझल्यावरही तिच्यामागच्या भिंतीस ऊब राहते. विश्व एके काळीं अतितप्त असेल, तर त्याचीही ऊब कोठेंतरी उरली पाहिजे, असें आल्फर व हर्मन यांनीं १९४८ सालींच सांगितलें होतें. १९६५ सालीं अमेरिकेंत पेन्झियस व विल्सन यांना आपल्या आकाशकांच्या सर्व बाजूंनीं येणारी एक सारखी खरखर ऐकूं आली. ती खरखर म्हणजेच ती ऊब होती. तिचें तपमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें २.७ अंश आहे. विश्वांतील साध्या द्रव्यांत वजनानें सुमारें एकचतुर्थांश हेलियम आहे. एवढा हेलियम ताऱ्यांच्या भट्टींत तयार होणें शक्य नाहीं, तप्त आरंभींच्या कांहीं मिनिटांत मात्र होऊं शकतो, ही तिसरी साक्ष झाली.

तसेंच, त्याच केंब्रिजांतील स्टीफन हॉकिंग ह्या तरुणानें १९६५ सालीं हॉईल-नारळीकर सिद्धान्तांतील एक गणिती अडचण दाखविली: सतत प्रसरण पावणाऱ्या विश्वांत वस्तुमानाची बेरीज अनंत होत होती.

ह्या साक्षींनीं बहुतेक शास्त्रज्ञांनीं स्थिरस्थिति-सिद्धान्त सोडून दिला. जयंतरावांनीं मात्र विचार सोडला नाहीं. १९७२ सालीं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत परत आले. १९९३ सालीं हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं आपला सिद्धान्त सुधारून पुन्हां मांडला. त्यांत विश्व दीर्घकाळ प्रसरण पावतांना आळीपाळीनें फुगतें व आकुंचन पावतें. बहुसंख्य शास्त्रज्ञांस हाही पटला नाहीं.

मग हा सारा खटाटोप वायां गेला काय? आमच्या मतें नाहीं. महास्फोट नको म्हणून जड मूलद्रव्यें ताऱ्यांतच घडतात काय, हें शोधण्याची हॉईल यांस निकड पडली. आणि त्यांतून १९५७ सालचा तो प्रसिद्ध निबंध जन्मास आला, ज्यानें आपल्या रक्तांतील लोखंड व हाडांतील कॅल्शियम ताऱ्यांच्या पोटीं कसें घडलें, हें जगास सांगितलें. तो निष्कर्ष आजही उभा आहे. प्रामाणिकपणें मांडलेलें चुकीचें मतसुद्धां प्रतिपक्षास आपलीं साधनें घांसून लख्ख करावयास लावतें.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १९८८ सालीं पुण्यास खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचें आंतरविश्वविद्यालयीन केंद्र, म्हणजे आयुका, स्थापन झालें, व जयंतराव त्याचे पहिले संचालक झाले. तेथें आपल्याच मताची पाठशाळा भरविणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांचे शिष्य थाणू पद्मनाभन् यांनीं ह्याच संस्थेंत राहून प्रचलित सिद्धान्ताच्या चौकटींत दीर्घिकांची घडण कशी झाली, ह्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तोही गुरूंनीं आपला विरोधी सिद्धान्त मांडला त्याच १९९३ सालीं! शिष्याच्या मतभेदानें जो गुरु दुखावत नाहीं, तो खरा गुरु. आम्हां शिक्षकांनीं हा धडा आधीं शिकावा.

आरंभाच्या उंबरठ्यावर

महास्फोटाची बाजू वरचढ ठरली, म्हणजे आरंभाचा प्रश्न सुटला असें मात्र नव्हे. चित्रपट उलटा फिरवीत अगदीं शेवटच्या चित्राशीं गेलें, तर समीकरणें म्हणतात: घनता अनंत. गणितांत अनंत हें उत्तर आलें, कीं समजावें, नियमानें आपली हद्द ओलांडली आहे. विश्व सर्वत्र अगदीं सारखें मानल्यामुळें हें अनंत उद्भवलें असेल, अशी एक आशा होती. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या समीकरणानें ती आशा मावळूं लागली; विश्व सर्वत्र सारखें नसलें तरी गुरुत्वाकर्षण द्रव्यास एकत्र आणण्याकडेच झुंकतें, हें त्यानें दिसून आलें. त्याच पायावर पुढें पेनरोज व हॉकिंग यांनीं आपले सिद्धान्त उभारले.

तेव्हां अतिसूक्ष्माचे नियम, ज्यांना क्वांटम नियम म्हणतात, ते गुरुत्वाकर्षणाशीं जोडल्यावांचून पुढें वाट नाहीं. येथेंही एक महाराष्ट्रीय नांव आढळतें. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर येथें १९४९ सालीं जन्मलेले अभय अष्टेकर यांनीं १९८६ सालीं आइन्स्टाइनचीं समीकरणें नव्या रूपांत मांडलीं, व त्यांतून एक नवी विचारसरणी वाढली. तिचा आशय भिवंडीच्या मुलांस समजाविणें सोपें आहे. मागावरून उतरलेलें कापड दुरून सलग दिसतें. पण भिंग लावून पाहिलें, तर तें ताण्या-बाण्याच्या सुट्या धाग्यांचें असतें. अवकाशही तसेंच आहे. त्याची वीण इतकी बारीक कीं कोणत्याही यंत्रास अद्याप दिसलेली नाहीं. वीण असल्यामुळें तें एका मर्यादेपलीकडे दाबतां येत नाहीं. २००६ सालीं अष्टेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणितानें दाखविलें कीं, असें असल्यास घनता अनंत होत नाहीं. पूर्वीचें आकुंचन पावणारें विश्व त्या मर्यादेस पोहोंचून उसळी घेतें, व त्या उसळीस आपण आरंभ म्हणतों. विचार मनोहर आहे. परंतु न्यूटनच्या १.४ मिलीमीटरसारखा आंकडा हातीं येऊन आकाशाशीं ताडून पाहिला जाईपर्यंत तो विचारच राहील.

मोजमाप मात्र थांबलेलें नाहीं. विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें आहे, असें आतां अनेक मार्गांनीं निघतें. १९९८ सालीं असेंही आढळलें कीं, प्रसरणाचा वेग वाढत आहे. त्यामुळें आइन्स्टाइनचा विश्वस्थिरांक नव्या वेषांत परत आला. नारायणगांवाजवळ खोडद येथील प्रचंड दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनीं, आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपते. हिंगोली जिल्ह्यांत गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. आपल्यापैकीं एखादा विद्यार्थी पुढें तेथें काम करील, अशी आशा कां धरूं नये?

पालकांस दोन शब्द

कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, विश्व अशा रीतीनें झालें असें शिकविल्यानें मुलांची श्रद्धा ढळणार नाहीं काय? ह्याचें उत्तर आम्ही लमेत्रच्या चरित्रांत शोधतों. तो धर्मगुरु होता, आणि आद्य अणूची कल्पना त्याचीच. १९५१ सालीं जेव्हां खुद्द पोपसाहेबांनीं ह्या सिद्धान्तांत उत्पत्तीच्या श्रद्धेस दुजोरा पाहिला, तेव्हां लमेत्र संतुष्ट झाला नाहीं, तर चिंतित झाला. आपला सिद्धान्त श्रद्धेचा पुरावाही नव्हे व तिचें खंडनही नव्हे, असें त्याचें मत होतें. आज जुळलेला आंकडा उद्यां चुकला, तर त्यावर टेकविलेली श्रद्धा कोठें जाईल? देवाचें सामर्थ्य दुर्बिणीच्या आंकड्यावर अवलंबून नाहीं, आणि दुर्बिणीनेंही कोणाची भीड धरूं नये. दोहोंचा मान दोहोंच्या जागीं राखावा.

मुलांच्या प्रश्नांस मात्र आपण भ्यावें असें नाहीं. जयंतराव नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. त्यांच्याकडे मुलें सही मागावयास जात, तेव्हां ते म्हणत कीं, पोस्टकार्डावर शास्त्रांतला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखालीं सही करून पाठवीन. विश्वाच्या आरंभाविषयीं जगाशीं वाद घालणाऱ्या पुरुषास एका शाळकरी मुलाचा प्रश्न आपल्या सहीहून मोलाचा वाटला. आम्ही त्या दिवशीं वर्गांत घाईनें उत्तर दिलें, त्याऐवजीं "ठाऊक नाहीं, उद्यां पाहून सांगतों" एवढें म्हटलें असतें, तर मुलाचा प्रश्न एक रात्रभर अनाथ झाला नसता.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम. एका अमावास्येपासून पुढल्या पौर्णिमेपर्यंत, वडील माणसास बरोबर घेऊन, पाण्यांत न उतरतां, दिवसाउजेडीं येणाऱ्या भरतीचें पाणी सर्वांत वर केव्हां चढतें, ती वेळ रोज वहींत लिहावी व तिच्यापुढें तिथि मांडावी. रोजचें अंतर किती मिनिटांचें येतें, हें स्वतः काढावें. आम्ही वर ५० मिनिटें असें लिहिलें आहे. तें खरें कीं खोटें, हें आमच्यावर विश्वास ठेवून नव्हे, तर खाडीला विचारून ठरवावें. विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत पोहोंचलेली वाट अशाच एका वहीपासून सुरू झाली आहे.